घरचं फ्रेंच

सत्यजितला फ्रेंच येतं, हे अमेरिकेत आल्बनीला राहणाऱ्या यच्चयावत मराठी मंडळींना ठाऊक होतं. येत नाही, हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे खुद्द सत्यजित.

तसा त्याचा फारसा दोष नव्हता. पुण्यात अकरावी-बारावीला हुशार मुलं फ्रेंच घेतात ती बोलण्यासाठी नव्हे, टक्क्यांसाठी. विषय 'स्कोअरिंग' ना! त्यानंही घेतलं, निबंध घोकले, शंभरपैकी ब्याण्णव मिळवले आणि निकालाच्या दिवशी पेढ्याबरोबर सगळं फ्रेंच गिळून टाकलं. पुढे लग्नाचं बघताना त्याच्या आईनं "आमच्या सत्यजितला फ्रेंचसुद्धा येतं हो," असं ठोकून दिलं आणि तिथे तो अडकला.

देवयानीला पाहायला गेले तेव्हा मोठ्यांनी दोघांना गच्चीवर पिटाळलं. तिनं हसत विचारलं, "फ्रेंच येतं म्हणे? काहीतरी बोला ना!" तिच्याकडे बघताना सत्यजितला मराठीही सुचेना, तिथे फ्रेंचची काय कथा. तोंडाला आलं ते एकच वाक्य तो बोलून गेला, "मोनाँक्ल आ दो व्हाश."

"म्हणजे?"

"म्हणजे... तुमच्या दोन डोळ्यांत अख्खी संध्याकाळ मावते."

आठवड्यात होकार आला. लग्नानंतर अमेरिकेत आल्यावर ड्रायव्हिंग टेस्ट त्याच्याआधी देवयानी पास झाली. टॅक्सचं तीच बघायची, बर्फात रुतलेली गाडीही तीच बाहेर काढायची. नवऱ्याच्या नावावर जमा असलेली मिरवण्यासारखी गोष्ट एकच, त्याचं फ्रेंच. म्हणून मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या माँट्रिआलला जायचं तिनं जाहीर केलं. कॅनडाचा व्हिसा मिळणार नाही अशी त्याला आशा होती. तोही मेला मिळाला.

"अगं, त्यापेक्षा फिलाडेल्फिया करू. तिथे ती तडा गेलेली प्रसिद्ध बेल आहे."

"तडा गेलेली बेल बघायला एवढं ड्राइव्ह करायचं? माँट्रिआल चार तासांत येतं. आणि फ्रेंच तर आपलं घरचंच आहे."

"पण तिथे सगळ्यांना इंग्लिश येतं यार. बायलिंग्वल सिटी आहे ती. फ्रेंच लागतच नाही."

"लागत नाही म्हणून बोलायचं नाही? तू मेन्यू वाचणार, रस्ता विचारणार, आणि मी बाजूला ऐटीत उभी राहणार. शैलजाकाकूंना सांगूनसुद्धा झालंय."

शैलजाकाकूंना सांगणं म्हणजे आल्बनीच्या सगळ्या मराठी मंडळींत दवंडी पिटणं. आता माघार नव्हती. सत्यजितनं लायब्ररीतून फ्रेंचच्या कॅसेट आणल्या आणि ऑफिसला जाता-येता त्या ऐकायला लागला. डोक्यात एवढंच शिरलं, की तिथे स्टॉपच्या लाल पाटीवर जो शब्द लिहितात त्याचा उच्चार 'अरे' असा होतो. हे मात्र त्याला मनापासून पटलं. तो गाडी चालवत असला की शेजारी बसून देवयानी दुसरं काय म्हणायची?

निघायच्या आधीच्या एका शनिवारी सकाळी तिनं इंटरनेटवरून एका मादाम गान्यों यांचं बेड अँड ब्रेकफास्ट शोधलं आणि कॉर्डलेस फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. वर स्पीकरचं बटण दाबलं.

"ईमेल करू ना," सत्यजित म्हणाला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? लाव फोन."

त्यानं लावला. "बाँजूर, मादाम," इथपर्यंत गाडी झकास गेली. मग पलीकडून धबधबा सुरू झाला. तो जरा थांबला तसा सत्यजित 'हो' अशा अर्थी म्हणाला, "वी." पुन्हा धबधबा. "वी, वी." शेवटी काहीतरी प्रश्नासारखं आलं. देवाचं नाव घेऊन त्यानं सांगितलं, "वी, मादाम. मेर्सी."

देवयानीचा चेहरा असा फुलला होता, की तो बघून सत्यजितला स्वतःची लाज वाटली. आता फोन ठेवला की सुटलो, असं मनाशी म्हणून त्यानं हात पुढे केला, तर तिनं फोन वरच्यावर उचलला.

"थांब, मलाही एक बोलायचंय." घसा खाकरून, पाठांतर स्पर्धेत उभं राहावं तशी ती एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "मादाम, मोनाँक्ल आ दो व्हाश!"

पलीकडून मादाम स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "हो का? छानच. पण आमच्याकडे प्राणी चालत नाहीत. तुमच्या काकांच्या दोन्ही गाई घरीच ठेवून या. आमचा जिनाही अरुंद आहे."

देवयानीनं सावकाश मान वळवली. "कोणाच्या गाई?"

"काकांच्या," सत्यजित पुटपुटला. "किंवा मामांच्या. त्यांच्यात दोघांना एकच शब्द आहे."

"तुझ्या काकांची तर बजाज स्कूटर आहे!"

"अगं, बारावीचा निबंध होता तो. मला फ्रेंच येत नाही. कधीच येत नव्हतं. फक्त स्कोअरिंग होतं म्हणून घेतलं, आणि मग आईनं सांगितलं, आणि मग तू गच्चीवर विचारलंस, आणि मग शैलजाकाकू—"

"अरे!"

तो जागच्या जागी थांबला.

"त्या दिवशी खरं काय म्हणायचं होतं?"

"तू फार आवडली होतीस. आणि तू नाही म्हणशील याची भीती वाटत होती. आजही तीच वाटत होती."

देवयानी म्हणाली, "ती डोळ्यांतली संध्याकाळ मला तेव्हाच जरा जास्त वाटली होती. पण बोलताना तुझे कान लालबुंद झाले होते. याला थापाही धड मारता येत नाहीत, म्हटलं, हा बरा. म्हणून हो म्हटलं."

"हॅलो?" स्पीकरवरून मादाम म्हणाल्या. त्या बिचाऱ्या अजून लाइनवरच होत्या. "खोली ठेवू ना? तुमच्या मिस्टरांनी रोज नाश्त्याला हॅमही सांगितलंय."

"खोली ठेवा," देवयानी म्हणाली. "आम्ही दोघंच. हॅम नको, गाई नाहीत."

फोन ठेवून ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "मोनाँक्ल आ दो व्हाश."

सत्यजितचे कान पुन्हा लालबुंद झाले.