गल्लीच्या दाराची कडी

माझ्या नवऱ्याला, कासिमला पुरून लोक परतले त्या संध्याकाळीच मी उस्मानला सांगून टाकलं, "मी इद्दतीला जुन्या घरी बसणार. कुब्ब्यात."

उस्मान माझा थोरला. त्याने कपाळाला हात लावला. "अम्मा, जुन्या गदामेस गावात आता कुत्रंसुद्धा राहत नाही. तिथे तुला भेटायला कोण येणार?"

"येतील बायका. छपरावरून."

"सगळ्यांचे गुडघे गेलेत, अम्मा."

"गुडघे गेले असतील. माणुसकी नाही ना गेली?"

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," तो बायकोकडे, हनानकडे बघून पुटपुटला. पण दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

कुब्बा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या माजघराच्या कोपऱ्यातली घुमटी, पडदा लावलेली. बाई तिथे जन्मात दोनदा बसते. नवरी होऊन, आणि नवरा गेल्यावर इद्दतीचे चार महिने दहा दिवस. मी नवरी म्हणून बसले तेव्हा शेजारची मबरूका छपरावरून धावत आली होती आणि कानात म्हणाली होती, "सालहा, घाबरू नकोस. घोरला तर नाक दाब." कासिम जन्मभर घोरला. मी एकदाही नाक दाबलं नाही. आता वाटतं, घोरू दे, पण असू दे.

सरकारने नव्या वस्तीत घरं दिली आणि गाव उठून तिकडे गेलं. नळ आले, पंखे आले. पण तिथे प्रत्येक छपराभोवती भिंत. इथे सगळी छपरं एकमेकांना लागलेली आणि ती आमची, बायकांची. खाली झाकलेल्या अंधाऱ्या गल्ल्या पुरुषांच्या. अडल्यानडल्या बाईला गल्लीतून जावंच लागलं तर ती भिंतीकडेने जायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. गल्लीत बाईचा आवाज ऐकू आला तर घराण्याची लाज गेली म्हणायचे.

मी कुब्ब्यात बसले. उस्मान रात्री मुक्कामाला यायचा, सकाळी जेवण ठेवून कामाला जायचा. दिवसभर मी एकटी. चहाचे पेले धुऊन मांडले, खजूर काढून ठेवला, आणि कान छपराच्या जिन्याकडे लावून बसले. माझी आई विधवा झाली तेव्हा त्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

कोणी आलं नाही.

दुपारी एकदा खाली गल्लीच्या दाराची कडी वाजली. मी हलले नाही. गल्लीच्या दाराशी येणार तो पुरुष, आणि इद्दतीतल्या बाईने परपुरुषाला ओ द्यायची नसते. पुरुषांची दुखवट्याची बैठक मशिदीपाशी असते, एवढंही कळत नाही मेल्याला, म्हणून मी मनात चार शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कडी पुन्हा वाजली, जरा जास्त वेळ. तिसऱ्या दिवशीही वाजली. मग थांबली.

जिना मात्र रिकामाच. मबरूकाचा मला फार राग आला. सुखात आली आणि दुःखात पाठ फिरवली, असं वाटलं. त्या आठवड्यात मी खूप रडले, पण ते कासिमसाठी कमी आणि त्या रिकाम्या जिन्यासाठी जास्त होतं. खरं ते सांगते.

शुक्रवारी उस्मान आला तो तोंड पाडून.

"अम्मा, मबरूकाखालाला दार का नाही उघडलंस?"

"कुठलं दार?"

"गल्लीचं. काठी टेकत रोज येत होती बिचारी. हनानला म्हणाली, सालहाला आता आमचं तोंड बघायचं नाही."

"गल्लीतून?" माझा आवाज चढला. "छपरावरून का नाही आली?"

"छपरावर येणार कशी? तिच्या जुन्या घराचा जिना कधीचाच पडलाय. इतरांच्या घरांना कुलपं."

"मग हाक मारायची! नुसती कडी काय वाजवते?"

बोलता बोलता मलाच उमगलं. गल्लीत उभी असलेली मबरूका हाक मारणार नव्हती. जन्मभर मारली नव्हती. ती तिकडे रीत पाळून गप्प, मी इकडे रीत पाळून गप्प, आणि मधे एक लाकडी दार.

"घेऊन ये तिला," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. पाया पडते म्हणावं."

"काल तिचा मुलगा तिला त्रिपोलीला घेऊन गेला, अम्मा. घर आवरूनच गेले. ती परत येईलसं वाटत नाही."

तो नमाजाला गेला. मी कुब्ब्याचा पडदा सारला आणि उठले. इद्दतीतल्या बाईने करू नये ते केलं. जिना चढून नाही, उतरून गेले. गल्लीचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बसले. समोर अंधार, लांबवर छताच्या झरोक्यातून पडलेला उजेडाचा एक तुकडा. दाराशी मातीत काठीच्या टोकाने पडलेले खळगे होते, एकाच जागी, पुष्कळ. बराच वेळ उभी राहिली होती ती.

मी त्यांवर हात ठेवला आणि घराण्याच्या लाजेची पर्वा न करता गल्लीत मोठ्याने हाक मारली, "मबरूका! अगं, दार उघडलंय, आत ये!"

आवाज वळणापर्यंत गेला. एकही दार किलकिलं झालं नाही. माझ्या आवाजाची लाज वाटून घ्यायलासुद्धा तिथे कोणी उरलं नव्हतं.