रिकामा टब

"माझं बघा, माझं! तुमच्यापेक्षा काळं निघालंय!"

एक शिकलेली बाई दुसऱ्या शिकलेल्या बाईला हे अभिमानानं सांगत होती. दोघींचे पाय प्लास्टिकच्या टबात होते. हार्डवेअरच्या दुकानावरचा तो हॉल रविवारी सकाळी खच्चून भरायचा. खुर्चीपुढे टब, टबात गरम पाणी, मूठभर मीठ आणि वायर जोडलेला एक डबा. बटण दाबलं की नितळ पाणी आधी पिवळं व्हायचं, मग तपकिरी, मग थेट गटार. लोक आपापल्या घाणीचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचे.

टबांमधून शोधकाका फिरत. बँकेतून निवृत्त झाल्यावर फोनवर वाचून वाचून विज्ञानात घुसले, म्हणून हे नाव.

"पिवळं म्हणजे मूत्रपिंडाचं विष, तपकिरी म्हणजे यकृताचं," ते टबात डोकावून सांगत. "मी डॉक्टर नाही हं! मी अभ्यासक. डॉक्टर शिकवलेलं बोलतात, मी शोधलेलं बोलतो."

टाळ्या!

पहिल्या खुर्चीत माझा दादा बसलेला. शाळेची बस चालवायचा, पोरांचा लाडका. मधुमेह जुना. त्याच्या डॉक्टरीणबाईंचं अर्धं आयुष्य असे पाय तपासण्यात गेलंय. त्यांनी त्याला बजावलं होतं, "तुमच्या पायाच्या नसा बधिर होताहेत. गरम पाण्यात पाय घालू नका. भाजलं तरी कळणार नाही तुम्हाला." दादानं मान डोलावली आणि रविवारी येऊन टबात पाय बुडवले.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. परक्यांच्या पोरांना समजतं, सख्ख्या भावाला नाही.

"दादा, हा गंज आहे रे. त्या डब्याखाली लोखंडाच्या पट्ट्या आहेत. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की त्या गंजणारच."

"तुझं सगळं पुस्तकातलं. काकांनी स्वतः शोधलंय."

"काय शोधलंय, कपाळ!"

"अगं, आधी पायांची नुसती आग आग व्हायची. आता गरम पाणीसुद्धा पायाला गरम लागत नाही. हे बघ!"

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंत मंडळी? आग गेली! विष निघालं की आग जाते!"

पुन्हा टाळ्या. मेल्यांनो, त्याच्या नसा मरत होत्या आणि तुम्ही टाळ्या पिटत होतात.

मग एकदा वहिनीला दादाचा मोजा चिकट लागला. तळव्याची साल सोलून निघाली होती आणि त्या माणसाला पत्ताच नव्हता. मी दवाखान्याचं नाव काढलं, तर त्यानं काकांना फोन लावला. काका म्हणाले, "उत्तम! आतलं बाहेर पडतंय. टब वाढवा." यानं वाढवले. आमच्यापासून पाय लपवत राहिला. शेवटी वास लपेना, तेव्हा आम्ही त्याला जवळजवळ ओढतच नेलं. बोटं काळी पडली होती.

डॉक्टरीणबाई एकही लागट शब्द बोलल्या नाहीत. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. ब्रेकवरचा पाय. बस गेली ती कायमची.

कृत्रिम पायावर जरा चालायला लागला आणि एका शनिवारी म्हणतो, "उद्या हॉलवर जायचंय."

"परत?" मी किंचाळलेच.

"तू चल तर बरोबर."

हॉल तसाच भरलेला. आमच्या घरात काय झालं याची तिथं कुणाला खबर नव्हती. न येणाऱ्याची चौकशी करण्याची तिथं पद्धतच नव्हती. काकांनी हसून स्वागत केलं. "या या! बरेच दिवस दांडी?"

"एका पायाला त्रास आहे काका. एकच घातला तर चालेल?"

"चालेल की! विष काय, कुठूनही निघतं."

दादानं पँट जेमतेम वर ओढली आणि उजवं पाऊल टबात ठेवलं. काका पाय कधी बघतच नसत, पाणी बघत. बटण दाबलं. पाणी पिवळं झालं. तपकिरी झालं.

"अरेरे, किती साचलंय बघा!" काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "यकृत पार थकलंय. आता हलकं वाटतंय ना?"

"खूप," दादा म्हणाला आणि पँट गुडघ्यापर्यंत ओढली.

वर धातूची दांडी, खाली रबराचं पाऊल. रबराचीच बोटं. एक बाई ओरडली.

काकांचा चेहरा मेणासारखा झाला. मी शेजारच्या रिकाम्या टबाचं बटण दाबलं. पाणी होतं, मीठ होतं, पाय कुणाचाच नव्हता. तरी पिवळं. तरी तपकिरी. मी डबा उलटा करून गंजक्या पट्ट्या दाखवल्या.

"काका, एकदा तरी पाय न घालता चालवून बघितलं होतंत?"

"रिकामा कशाला चालवायचा?" ते पुटपुटले. "लोक खोळंबलेले असतात."

म्हणजे हा माणूस लबाडसुद्धा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला चीड आली ती त्याचीच. अभ्यासक म्हणवणाऱ्यानं सगळं वाचलं, फक्त आपण चुकत असू का, हे एकदाही तपासलं नाही. डॉक्टरीणबाई आणि त्यांच्यासारखे हजारो जण आयुष्यभर तेच तपासतात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि त्यातून जे उरतं ते आपल्याला सांगतात. त्याला आपण 'शिकवलेलं' म्हणून नाक मुरडतो.

इतक्यात मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. त्यांचे पाय अजून टबातच होते. "पण मी म्हणतो, तो रबरी पाय दिवसभर अंगाला लागून असतो. त्यात उतरलं असेल ना विष?"

दोन-चार माना हलल्या. काकांच्या डोळ्यांत जीव आला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादानं माझा हात धरला. त्यानं वाकून रबराचं पाऊल पुसलं आणि त्या गृहस्थांकडे बघून म्हणाला, "मीपण अगदी असंच म्हणालो असतो हो. पाय होता तेव्हा."

कुणी टाळी वाजवली नाही. काहींनी पाय बाहेर काढले, काहींनी नाही.

तुम्हाला कुणी असं रंगीत पाणी दाखवलं, तर भांडू नका, पुस्तकंही काढू नका. एवढंच म्हणा, आधी रिकामा टब चालवून दाखवा. आणि तोवर पाय कोरडे ठेवा.