दुधाच्या पिशवीतला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. कधीकाळी निळी होते. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. कात्रजच्या आनंदरावांनी मला घेतले आणि वीस वर्षे गडागडांवर फिरवले. चढ संपला की ते मला थोपटून “शाब्बास!” म्हणायचे. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी माळ्यावर गेले. तिथे उंदराने माझ्या आतल्या कप्प्याचा तळ कुरतडला. चार बोटे सहज जातील एवढे भोक पडले.

मग एके दिवशी त्यांच्या मुलीने, ऋतिकाने, मला खाली उतरवले. ती आणि तिची कॉलेजपासूनची मैत्रीण नम्रता पाठीवर सॅक टाकून पंधरा दिवस व्हिएतनाम फिरणार होत्या. मला कोण आनंद झाला! आनंदरावांनी मात्र आत हात घातला आणि म्हणाले, “अगं, हे फाटलंय. स्वारगेटला कोंडीराम बसतो, त्याच्याकडून शिवून आण. दहा मिनिटांचं काम आहे.”

“आल्यावर बघू, बाबा,” ऋतिका म्हणाली.

नम्रता वाघोलीला राहते. तिची आई कौशल्याबाई वर्ध्याकडची. दुधाची पिशवी त्या कधीही फेकत नाहीत. धुऊन, दोरीवर वाळवून, घडी घालून ठेवतात. लाइटची बिलं, रेशनकार्ड, प्रवासाचा चिवडा, सगळे त्या पिशव्यांत. लेकीचा पासपोर्टही त्यांनी तसाच गुंडाळून दिला, भिजू नये म्हणून. विमानतळावर ऋतिका म्हणाली, “चिल गं, दोघींचे पासपोर्ट माझ्याच सॅकमध्ये राहू देत. तू हरवशील.”

पहिले दोन दिवस हनोईत फार सुखात गेले. दोघी रस्त्याकडेच्या बुटक्या स्टुलांवर बसून खायच्या आणि मला मांडीवर घ्यायच्या. ऋतिकाच्या पासपोर्टाला जाड कातडी कव्हर होते, तो जागचा हलला नाही. नम्रताचा मात्र गुळगुळीत पिशवीसकट भोकाकडे सरकत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बसच्या धक्क्यांत तो माझ्या अस्तरात शिरला आणि पाठीच्या फोममागे जाऊन बसला. मला कळत होते. सांगणार कशी?

दुपारी पुढच्या गावातल्या हॉस्टेलवर पासपोर्ट मागितले. ऋतिकाने मला उलटे केले, झटकले. पिशवी काही पडली नाही.

नम्रता पांढरीफटक पडली. “काल तू माझी दुधाची पिशवी कचऱ्यात टाकलीस.”

“ती चिवड्याची होती! रिकामी होती!”

“उघडून बघितलीस?”

ऋतिकाने बघितली नव्हती. आपल्याच हातून झाले असेल, या भीतीने ती बिथरली आणि ओरडली, “पासपोर्ट दुधाच्या पिशवीत ठेवतं का कोणी? तुझ्या आईचा भिकारपणा नडला आपल्याला!”

नम्रता रडली असती तर बरे झाले असते. ती नुसती उठली आणि म्हणाली, “तू जा पुढे. माझं मी बघते.” पोलीस, वकिलात, कागदपत्रे हे सगळे तिने एकटीने केले आणि ती एकटीच घरी परतली. ऋतिका हट्टाने पुढचे बारा दिवस फिरली. मित्रांनो, ते बारा दिवस नम्रताचा पासपोर्ट ऋतिकाच्या पाठीवरच होता. गड चढताना मी कधी दमले नाही, पण ते ओझे मला सोसवेना.

कात्रजला परतल्यावर मला धुताना तिच्या हाताला अस्तरात काहीतरी कडक लागले. भोकातून तिने ती पिशवी बाहेर ओढली; आत नम्रताचा पासपोर्ट होता. नंतर महिनाभर ती पिशवी कपाटात होती. नम्रता फोन उचलत नव्हती. शेवटी ऋतिका मला घेऊन स्वारगेटला गेली. कोंडीराम भोकात हात घालून म्हणाला, “एवढं होईस्तोवर वाट बघितलीत? अजून थोडं थांबला असतात तर शिवायला काही उरलंच नसतं.” त्याने दहा मिनिटांत टाके घातले.

तिथून आम्ही वाघोलीला गेलो. दार कौशल्याबाईंनी उघडले.

“काकू, नम्रता आहे?”

“आहे. ‘झोपली म्हणून सांग’ म्हणाली. ये, बस.”

ऋतिकाने पिशवीसकट पासपोर्ट काढून दिला. तो आता रद्द झालेला होता. मग ती रडत म्हणाली, “काकू, मी तुमच्याबद्दल जे बोलले, त्याची माफी मागायला आलेय.”

“माझ्याबद्दल? काय बोललीस बाई? नम्रता तर काहीच बोलली नाही.”

 नम्रताने तो शब्द आईपर्यंत पोहोचूच दिला नव्हता.  कौशल्याबाईंनी पिशवी पुसली, घडी घातली आणि म्हणाल्या, “पिशवी मात्र चांगली राहिली.” त्या चहा करायला गेल्या. ट्रेमध्ये त्यांनी कप तीन आणले. तिसरा तसाच गार झाला.

मित्रांनो, प्रवासाला निघण्याआधी आपल्या जुन्या सॅकच्या कप्प्यांत एकदा हात घालून बघा. भोक सापडले तर ‘आल्यावर बघू’ म्हणू नका. कोणाला लागेल असे बोलून गेलात, तर महिनाभर कपाट लावून बसू नका. माझे भोक बुजले, पण ऋतिका अजून दर रविवारी मला पाठीवर घेऊन वाघोलीला जाते आणि बाहेरच्या खोलीत बसून परत येते. गेल्या रविवारी आतले दार जरासे उघडले. एक हात बाहेर आला आणि तिसरा कप उचलून आत घेऊन गेला.