दोन तळ्यांमधली जाळी

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. मासे धरायची नव्हे. तळ्यातले किडे, बेडकांची शेपटीवाली पिल्लं घटकाभर वर काढायची, डोळे भरून पाहायची आणि परत पाण्यात सोडायची, एवढंच माझं काम.

मला बाईंनी स्वतः शिवलं. तळ्यांचा अभ्यास करता करता केस पिकलेल्या त्या शिक्षिका. दांडा मोडक्या झाडूचा, कडं जाड तारेचं, कापड जुन्या पडद्याचं. बाईंचा एक नियम होता. एका तळ्यातून आलेली जाळी धुवायची, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची आणि मगच दुसऱ्या तळ्यात बुडवायची, कारण एका तळ्याचा रोग ओल्या कापडावर बसून दुसऱ्यात जातो. पाण्याला लावण्याआधी त्या मला गालाला लावून पाहत. ओलसर लागले तर त्या दिवशी तळं बंद. विद्यार्थी पाठीमागे त्यांची नक्कल करत. पण पुढे तीच सवय त्यांनाही लागे.

निवृत्त होताना बाईंनी मला आपल्या शेवटच्या विद्यार्थिनीच्या हाती दिलं. ती आमची ताई. निसर्ग केंद्रात नुकतीच लागलेली, एका वर्षाच्या बोलीवर. शाळांमध्ये जाऊन शिकवायचं, आईबापांना तळ्याकाठी आणायचं, हे तिचं काम. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. कपाटातल्या महागड्या सूक्ष्मदर्शकाला कोणी विचारत नसे आणि मला धरायला मात्र भांडणं. मुलं मला गालाला लावून खुदुखुदु हसत.

मग तो दिवस आला. खाणीजवळच्या तळ्यात बेडूक मरून पडलेत असं कोणीतरी कळवलं, म्हणून ताई सकाळीच मला घेऊन गेली. तीन मेलेले बेडूक मी वर काढले. दहा वाजता एका शाळेत कार्यक्रम होता. शाळेच्या छोट्या तळ्यातली पिल्लं मुलांनी अंड्यांपासून पाहिली होती. त्या कार्यक्रमाला केंद्राचे संचालक येणार होते, ताईला नोकरीवर ठेवायचं की नाही ते ठरवायला.

केंद्रात दुसरी कोरडी जाळी होती, पण ती कोणीतरी परस्पर नेली होती. ताई उघड्या कपाटासमोर नुसती उभी राहिली. मग तिनं मला नळाखाली धरलं, खसाखसा चोळलं आणि पुटपुटली, "निघालं असेल सगळं." मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण जाळीला कुठला आवाज! शाळेपर्यंत मी पिशवीत ठिबकत गेले.

तळ्याभोवती चाळीस मुलं, त्यांचे आईबाप आणि हाताची घडी घातलेले संचालक. ताईनं मला गालाला लावलं नाही. सरळ बुडवलं. पाच-सहा पिल्लं वर आली, सगळे वाकून पाहू लागले. पुढच्या रांगेत एक चष्मेवाली मुलगी होती. ती सतत काहीतरी विचारायची, म्हणून वर्गात तिला 'चौकशी खिडकी' म्हणत. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, आज तुम्ही गालाला नाही लावलीत. आणि तुमची पिशवी खालून ओली आहे."

बाकी कोणी ऐकलं नव्हतं. 'धुतली होती' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. संचालक घड्याळ पाहत होते. ताईची बोटं माझ्या दांड्यावर घट्ट झाली. मग तिनं पिल्लं पाण्यात सोडली, मला लांब फरशीवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"थांबा. माझी चूक झाली आहे. ही जाळी सकाळी आजारी तळ्यात होती आणि मी ती वाळवलेली नाही. आता या तळ्यात कोणी हात घालू नका."

एका वडिलांनी विचारलं, म्हणजे कार्यक्रम आटोपला का? दोघं-तिघं हसले. संचालक हसले नाहीत. ताईला बाजूला घेऊन त्यांनी सुनावलं, चारचौघांत सांगायची काही गरज नव्हती. आता तळ्याचं काय होतं ते पाहून तीन आठवड्यांनी ठरवू.

त्याच संध्याकाळी ती मला घेऊन बाईंकडे गेली, बोलणी खायच्या तयारीनं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तो नियम मला पुस्तकात नाही सापडला," त्या म्हणाल्या. "तुझ्याएवढी असताना माझ्या हातून एक तळं गेलं. सगळे बेडूक गेले. मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तू निदान सांगितलंस."

इतकी वर्षं बाईंच्या घरात काढली, पण हे मलाही ठाऊक नव्हतं.

मला उकळून, वाळवून शाळेच्या खिडकीत टांगलं. तिथून तळं दिसायचं. खाणीजवळच्या तळ्यातल्या बेडकांना कातडीचा संसर्गजन्य रोग होता, असा अहवाल आला. मुलं रोज शाळा भरण्याआधी कुंपणाबाहेरून तळं न्याहाळत आणि चौकशी खिडकी वहीत टिपून ठेवी. नवव्या दिवशी दोन पिल्लं मेलेली दिसली. ताईनं ती लगेच तपासायला पाठवली. त्यांत तो रोग निघाला नाही. तरी पुढचे दिवस कोणी मोकळेपणी हसलं नाही. बाविसाव्या दिवशी काठच्या दगडांवर नखाएवढे बेडूक बसलेले दिसले. एक, चार, मग मोजताच येईनात.

संचालक बूट चिखलात घालून त्या बेडकांजवळ उकिडवे बसले. "पुढच्या वेळी मला थांबवून ठेवा," ते ताईला म्हणाले, "पण जाळी वाळू द्या." ताईची नोकरी राहिली.

तळं नशिबानं वाचलं, हुशारीनं नव्हे. ताई प्रत्येक नव्या वर्गाला हे सांगते, स्वतःची चूक न लपवता.

मित्रांनो, माझा काठ आता विरलाय. मला अडगळीत टाकलंत तरी मी रुसणार नाही. पण पाण्याला तोंड नसतं. त्याच्या वतीनं तुमच्यातलं कोणी चारचौघांत अडचणीचा प्रश्न विचारू लागलं, तर त्याला गप्प बसवू नका.