जावईबापूंची गव्हाण

उद्यानाच्या कुंपणातलं गवत होतं तेवढंच, हरणं मात्र वर्षागणिक वाढती. म्हणून दर वसंतात दादा बंदूक घेऊन यायचा आणि जास्तीची हरणं टिपायचा. उद्यानाने त्याला त्यासाठीच ठेवलं होतं. आणि त्याची सख्खी धाकटी बहीण त्याच उद्यानात हरणांची डॉक्टर! एका आईची दोन लेकरं, एक जगवणारं, दुसरं मारणारं.

ही बंदूक आपणच थांबवायची, असं डॉक्टरीणबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. एका कडवट वेलीचा पाला वाळवून, कुटून त्यांनी पेंडीत मिसळला. तो पोटात गेला की नराचं बीज त्या मोसमापुरतं निकामी व्हायचं. मस्ती तशीच, फक्त पाळणा हलायचा नाही.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय!" दादा हसायचा. "अगं, पाला खाऊन कुणी बैरागी झालंय का?"

"तू बघच," बाई म्हणायच्या.

कळपाचा म्होरक्या नर म्हणजे जावईबापू. नाव बाईंनीच ठेवलेलं, कारण खायलाही पुढे आणि रुसायलाही पुढे. कळपात चलती याचीच, तेव्हा याला चारला की काम फत्ते, असा बाईंचा सरळ हिशेब. त्यांनी एकच लांबलचक गव्हाण मांडली. जावईबापूंनी ती अडवून धरली, दुसऱ्याला तोंड घालू दिलं नाही आणि एकट्यानेच सगळं हादडलं. बाई खूश! मग माजाचे दिवस आले. बापू एका तरण्या नराशी शिंगं अडकवून झुंजत बसले आणि तेवढ्यात उरलेल्या नरांनी माद्या गाठल्या. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. वसंतात जिकडेतिकडे पाडसं, आणि बाई तोंडघशी.

त्या वर्षी दवाखान्यात बसून बाईंनी बंदुकीचा एकेक बार ऐकला आणि पोटभर रडल्या. पण खचतील तर त्या बाई कसल्या! उद्यानाच्या साहेबांच्या मागे लागून त्यांनी पाल्यासाठी आणखी एक मोसम पदरात पाडून घेतला.

या खेपेला गव्हाणी लहान, पण भरपूर, आणि एकीपासून दुसरी दिसणार नाही अशा झाडाझुडपांआड. बापू एक राखायला उभे राहिले की दुसरीकडे तरणी मंडळी ताव मारायची. इकडून तिकडे पळून बापूंचं पोट पार उतरलं. बाई आडोशाने बघायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या.

वसंतात साहेब स्वतः सगळीकडे फिरून आले. पाडसं होती, पण मोजकीच.

"जिंकलात बाई," ते म्हणाले. "यंदा बंदूक नको."

दादा शेजारीच उभा होता. आता हा काय टोमणा मारतो म्हणून बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचे डोळे भरलेले.

"दर वसंतात घरी गेल्यावर घास उतरायचा नाही गं मला," तो म्हणाला. "तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

त्याने बंदूक गाडीत टाकली, परत आला आणि बाईंच्या पायाशी पडलेलं चाऱ्याचं पोतं खांद्यावर घेतलं.

"चल. कुठल्या गव्हाणीपासून सुरुवात करायची?"