जांभळ्या कापडामागचा खटखटा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माझा दोष नाही, वर्षातले तीन दिवस सोडले तर मी कपाटातच असतो. मी कोलशेतच्या आमच्या लहानशा चर्चमधला जुना लाकडी खटखटा आहे. हातभर सागाची फळी, खाली मूठ, वर एक लाकडी हातोडी. मूठ हलवली की हातोडी फळीवर आपटते. खट, खट, खट!

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ संपत आला, की पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चची घंटा गप्प होते. ती पुन्हा वाजते शनिवारी संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे मोठ्या प्रार्थनेत. मधल्या वेळात लोकांना बोलवायचं काम माझं. घंटेचा तोरा वर्षभर असतो, पण तेवढे दिवस मात्र माझेच.

मला इनासबाबांनी घडवलं. ते सुतार. मोडलेल्या होडीची एक फळी त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. पुढे कितीतरी वर्षं शुभ शुक्रवारी गल्लीतून क्रूसाची मिरवणूक निघाली, की सगळ्यांच्या पुढे बाबा आणि त्यांच्या हातात मी. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, तरी माझा आवाज आला की बायका मोबाईल पिशवीत टाकायच्या. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

यंदा बाबा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. चर्चची साफसफाई बघणाऱ्या रेमेतबाई त्यांना भेटायला गेल्या, तेव्हा बाबा म्हणाले, "मला आता उठवत नाय गो. पण खिडकीतून माझा खटखटा एकदा ऐकू दे. मग देवानं बोलवलं तरी चालेल."

"ऐकवणार बाबा. मी स्वतः वाजवणार," रेमेतबाईंनी शब्द दिला. सराव करायला म्हणून त्यांनी मला लवकरच कपाटातून काढलं. मी किती खूश झालो म्हणून सांगू!

झावळ्यांच्या रविवारला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारला, एक आठवडा होता. आमच्याकडे तेव्हा सगळ्या पुतळ्यांवर जांभळं कापड घालतात, आणि मग पुनरुत्थानाच्या मिस्सापर्यंत त्याला कोणी बोट लावत नाही. रेमेतबाई संत जोसेफच्या कोनाड्यावर कापड लावत होत्या. हातोडी सापडेना, तेव्हा बाईंनी काय करावं? माझ्या कडेनंच खिळे ठोकले! मला, होडीच्या सागाला! शेवटच्या खिळ्याआधी त्यांनी मला क्षणभर पुतळ्याच्या मागे टेकवलं. तेवढ्यात फादरांनी हाक मारली. परत आल्या त्या मला विसरूनच, शेवटचा खिळा चपलेनं ठोकला आणि गेल्या.

मी आत अडकलो. समोर संत जोसेफची पाठ, मागे भिंत, भोवती जांभळा अंधार. मला कोणी हलवल्याशिवाय बोलता येत नाही, हेच माझं दुर्दैव. चर्चच्या कामांत सराव राहून गेला, आणि थेट गुरुवारी माझी शोधाशोध सुरू झाली. कपाट उपसलं, बाकांखाली बघितलं. "इथं तर ठेवलेला!" रेमेतबाई रडकुंडीला आल्या. माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. अहो बाई, इथे आहे मी, इथे! पण कापडामागे बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

शुक्रवारी मिरवणूक निघाली. गायकवृंदातल्या देवेशनं फोनवर कसलीशी ठकठक शोधली आणि स्पीकरवर लावली. मिरवणूक परतल्यावर लोक बोलत होते ते मी ऐकलं. बाबा खिडकीजवळच्या खाटेवरून म्हणाले होते, "हा माझा नाय," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सगळे घरी गेले. रेमेतबाई एकट्याच संत जोसेफसमोर गुडघे टेकून रडत होत्या. अचानक थांबल्या. खिळ्यांकडे बघत राहिल्या. उठून त्यांनी कापडावरून हात फिरवला. माझी मूठ त्यांच्या बोटांना लागली. मूठ पकडलीसुद्धा, मित्रांनो! मला वाटलं, सुटलो. पण त्या पुटपुटल्या, "आता कापड कसं काढू? पाप लागेल," आणि हात मागे घेतला. तो एक दिवस मला आधीच्या बारा दिवसांहून लांब गेला.

शनिवारी संध्याकाळी मिस्साच्या आधी कापडं उतरवली. रेमेतबाईंनी मला उचललं आणि चपला न घालताच गल्लीत धावल्या. मिस्सात घंटा वाजेपर्यंतच माझी वेळ होती. बाबांच्या खाटेशी उभं राहून त्यांनी मला वाजवलं. खट, खट, खट.

बाबांनी डोळे उघडले. "मनगट सैल सोड गो," ते म्हणाले.

"बाबा, मला कालच कळलेलं. पण कापड उचलायचा धीर नाय झाला."

बाबा हसले. "उचलायचं ना! जोसेफ सुतारच तो. सुतार काय सुतारावर रागावतो?"

त्या वाजवत राहिल्या. मिस्सातली घंटा वाजली तेव्हा बाबांनीच माझ्यावर हात ठेवला आणि मला थांबवलं.

पुढच्याच गुरुवारी बाबा गेले. मी पुन्हा कपाटात आहे, मेणबत्त्यांच्या तुकड्यांत. मित्रांनो, मला नीट पुसून ठेवा, आणि खिळे ठोकायला हातोडी आणा. आणि एखाद्या थकल्या माणसानं तुमच्याकडे काही मागितलं, तर कापड त्याच दिवशी उचला. रेमेतबाईंना शनिवार मिळाला, म्हणून बरं.