बेचाळीस स्टिकर

"माझं नेटवर्क मी हलवणार नाही म्हणजे नाही!" ढुंढिराज फोनवर कडाडले आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. पलीकडे तृप्ती होती. सातवा महिना लागलेली, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेली, देवळ्याला माहेरी गेलेली पोर.

सातपूरच्या कारखान्यात तृप्ती ड्रॉइंग करायची, ढुंढिराज कॉम्प्युटर सांभाळायचे. साहेबांनी बजावलं होतं, सोमवारपासून तिचं घरून काम सुरू झालं तर ठीक, नाहीतर तिच्या जागी दुसरं माणूस. घरून कारखान्याच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट, म्हणजे व्हीपीएन, ढुंढिराजांनी करूनही दिली होती. तिचा कॉम्प्युटर जोडला जायचा, पण एक फाइल उघडेल तर शपथ!

कारखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू व्हायचा, आणि तिच्या घरच्या मोडेमवरचाही तसाच. एकाच नावाच्या दोन गल्ल्या! तिचा कॉम्प्युटर बिचारा कारखान्याची फाइल आपल्याच घरात शोधत बसायचा. घरची गल्ली बदलायला मोडेमचा पासवर्ड हवा, तो मोडेम बसवून गेलेल्यालाच ठाऊक, आणि तो बाबा फोन उचलेना. म्हणजे गल्ली बदलायची ती कारखान्यानेच.

काम एका रविवारचं होतं. पण प्रत्येक मशीनवर त्याच्या कॉम्प्युटरच्या पत्त्याचा स्टिकर होता, आणि ते बेचाळीस स्टिकर नव्व्याण्णव साली त्यांच्या बायकोने, लतिकाने, लिहिले होते. "तुमचं अक्षर कोणाच्या बापाला कळणार? आणा इकडे," म्हणून तिने गठ्ठा ओढून घेतला होता. तिला जाऊन तीन वर्षं झाली. पत्रंबित्रं लिहिणारी बाई ती नव्हतीच. तिच्या हातचं जे काय उरलं, ते त्या मशीनांवर. आणि पत्ते बदलले की तेही खरवडायचं.

"काका, राहू द्या," तृप्ती म्हणाली. "काकूंचं अक्षर आहे ते. माहीत आहे मला."

ढुंढिराजांनी फोन ठेवला. नोकरी हिची जातेय आणि काळजी कसली करतेय, तर माझ्या स्टिकरची! त्यांना भरून आलं.

रविवारी ते ब्लेड घेऊनच कारखान्यात आले. पहिल्या स्टिकरच्या कोपऱ्याला ब्लेड लावलं आणि हात थांबला. लतिकाचं अक्षर ऐसपैस. तिसऱ्या जागी तिने काढलेला एक आणि त्यापुढचं टिंब, यांच्यामध्ये आणखी एक आकडा सहज मावला असता.

"अरे गाढवा," ते स्वतःलाच म्हणाले, "अकरा का नको?"

ब्लेड खिशात गेलं, पेन बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत सगळी मशीनं अकरा नंबरच्या गल्लीत गेली. व्हीपीएनने येणाऱ्यांसाठी त्यांनी बारा नंबरची गल्ली वेगळी ठेवली आणि तिथला पहिला पत्ता तृप्तीच्या नावे केला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. "काका, फाइल उघडली!" तृप्ती ओरडली. मग तिचा आवाज उतरला. "स्टिकर काढावे लागले ना?"

"छे गं," ढुंढिराज म्हणाले. "तिच्या एकाशेजारी माझा एक लिहिला. बेचाळीसच्या बेचाळीस ठिकाणी."